निर्जंतुक पाकिटाच्या आत-बाहेर : वैद्यकीय उपकरणांचे पदार्थ, लेप आणि वेष्टन

मिरजेला 'वैद्यकीय पंढरी' म्हणण्याची प्रथा जुनी आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये येथे रुग्णालय उभारले. पुढे १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि सांगली-साताऱ्याबरोबरच उत्तर कर्नाटकातील रुग्णांचीही पावले या गावाकडे वळत राहिली. वॉन्लेस यांच्या काळात शस्त्रक्रियागृहातील बहुतेक साधने धातूची, काचेची, रबराची किंवा कापडाची असत. ती धुतली जात, उकळली जात वा दाबाखालील वाफेत ठेवली जात आणि दुसऱ्या रुग्णासाठी पुन्हा वापरली जात. साधन निर्जंतुक आहे की नाही, याची जबाबदारी त्याच इमारतीतील परिचारिकेवर आणि शल्यविशारदावर असे.

ती जबाबदारी आज मोठ्या प्रमाणात रुग्णालयाबाहेर गेली आहे. सलाईनची नळी, टाक्यांचा दोरा, हृदयातील स्टेंट, गुडघ्याचा कृत्रिम सांधा या वस्तू कित्येक महिने आधी, दूरच्या कारखान्यात निर्जंतुक होऊन पाकीटबंद झालेल्या असतात. डॉक्टरांना त्या तपासून पाहता येत नाहीत. पाकीट फाडण्याच्या क्षणी त्यांच्यासमोर असतो तो केवळ एक कागद, एक पारदर्शक पापुद्रा आणि त्यावरील छापील मजकूर. त्यामुळे उपकरण कशाचे बनले आहे, त्यावर कोणता लेप आहे आणि ते कशात गुंडाळले आहे, हे प्रश्न कारखानदारांपुरते मर्यादित राहिलेले नाहीत. गेल्या पन्नास-साठ वर्षांत या तिन्ही बाबतींत मोठी प्रगती झाली. काही ठिकाणी ही प्रगती रुग्णांच्या जिवाची किंमत मोजून झाली, हेही नमूद केले पाहिजे.

तातीपासून कृत्रिम धाग्यापर्यंत

सतार-तंबोऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मिरजेत 'तात' हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागणार नाही. सारंगीची तात बकऱ्याच्या आतड्यापासून तयार होते. शस्त्रक्रियेत टाके घालण्यासाठी शतकाहून अधिक काळ वापरला गेलेला 'कॅटगट' हा दोराही तिचाच सख्खा भाऊ. नावात मांजर असले तरी तो मेंढीच्या किंवा गाई-बैलांच्या आतड्यातील तंतूंपासून बनतो. शरीरातील विकरे तो हळूहळू विरघळवतात, म्हणून आतील टाके काढावे लागत नाहीत, हा त्याचा मोठा गुण. मात्र प्राण्याच्या आतड्यातून आलेली वस्तू पूर्णपणे निर्जंतुक करणे अवघड होते. उकळली तर ती निकामी होई. जोसेफ लिस्टर यांच्यापासून अनेकांनी या एका प्रश्नावर वर्षे घालवली.

१९७०च्या दशकाच्या प्रारंभी पॉलिग्लायकॉलिक आम्ल आणि त्याच्या जातकुळीतील कृत्रिम धागे बाजारात आले. त्यांचे विघटन पाण्याच्या संपर्कामुळे होते, त्यामुळे दोरा किती दिवसांत ताकद गमावेल याचा अंदाज बराच नेमका बांधता येऊ लागला. पुढे ट्रायक्लोसान या जंतुरोधक द्रव्याचा लेप दिलेले धागेही आले. गाईंमधील मेंदूच्या रोगाच्या भीतीने या शतकाच्या आरंभी युरोपात कॅटगटचा वापर थांबला.

येथे वेष्टनाचे महत्त्व फार स्पष्ट दिसते. कॅटगट कोरडा पडला की कडक आणि ठिसूळ होतो, म्हणून त्याच्या पाकिटात अल्कोहोल आणि पाण्याचे मिश्रण असते. ते पाकीट ओलावा आत धरून ठेवण्यासाठी आहे. कृत्रिम विरघळणाऱ्या धाग्याचे नेमके उलटे. त्याला हवेतील दमटपणाही चालत नाही, कारण ज्या क्रियेने तो पोटात विरघळायचा तीच क्रिया कपाटात सुरू होते. म्हणून त्याला ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे, ओलावा आत येऊ न देणारे वेष्टन लागते. ते पाकीट उघडून 'नंतर वापरू' म्हणून बाजूला ठेवलेला दोरा दिसायला जसाच्या तसा राहतो, पण त्याच्या ताकदीचा भरवसा उरत नाही.

कृत्रिम मूत्रपिंडातील दहा हजार नळ्या

सातारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, खंडाळा तालुक्यातील शिरवळ-केसुर्डी परिसरात गेल्या दोन दशकांत मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली. जपानच्या निप्रो समूहाचा कारखाना याच केसुर्डीत आहे. डायलिसिससाठी लागणारा डायलायझर हे या समूहाचे एक प्रमुख उत्पादन. जत किंवा माण तालुक्यातून आठवड्यात दोन-तीन वेळा शहराची वाट धरणाऱ्या मूत्रपिंडाच्या रुग्णाचे आयुष्य हातभर लांबीच्या या प्लॅस्टिकच्या नळकांड्यावर अवलंबून असते.

नळकांड्यात सुमारे दहा हजार अतिसूक्ष्म पोकळ धागे असतात. एका धाग्याच्या पोकळीचा व्यास साधारण २०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पाचवा भाग. रक्त धाग्यांच्या आतून आणि क्षारयुक्त द्रव बाहेरून वाहतो. धाग्याच्या भिंतीतील छिद्रांतून युरियासारखी टाकाऊ द्रव्ये बाहेर पडतात, रक्तपेशी आणि आवश्यक प्रथिने आत राहतात. सगळ्या धाग्यांच्या भिंती उलगडून पसरल्या तर दीड ते दोन चौरस मीटर जागा व्यापतील.

डॉ. विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये हॉलंडमध्ये पहिले उपयोगी डायलिसिस यंत्र चालवले, तेव्हा गाळणी म्हणून सॉसेज भरण्याच्या सेलोफेन नळ्या वापरल्या होत्या. पुढची काही दशके सेल्युलोजचेच राज्य होते. त्यात दोष असा, की शरीर त्या पृष्ठभागाला परका मानत असे. डायलिसिस सुरू झाल्यावर पहिल्या अर्ध्या तासात रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्या झपाट्याने घटताना दिसे. सेल्युलोजमध्ये रासायनिक बदल करून ॲसिटेट व ट्रायॲसिटेट प्रकार आले, नंतर पॉलिसल्फोन आणि पॉलिइथरसल्फोन ही कृत्रिम बहुवारिके आली. ही बहुवारिके मुळात पाण्याला दूर ढकलणारी. त्यांना पाणी 'प्रिय' व्हावे यासाठी पॉलिव्हिनिल पायरोलिडोन हे द्रव्य मिसळतात. आजचे बहुतेक डायलायझर याच घराण्यातील आहेत.

परंतु धागा सुधारल्याने प्रश्न संपला नाही. काही रुग्णांना नवा डायलायझर लावताच पहिल्या काही मिनिटांत दम लागणे, अंगावर पित्त उठणे, रक्तदाब कोसळणे असे प्रकार होत. त्यातील अनेक प्रसंगांचे मूळ निर्जंतुकीकरणात सापडले. डायलायझर इथिलिन ऑक्साइड वायूने निर्जंतुक केले जात. धाग्यांची टोके पॉलियुरेथेनमध्ये बसवलेली असतात आणि हे पॉलियुरेथेन तो वायू स्पंजासारखा शोषून धरते. नंतर तो रक्तात उतरे आणि ॲलर्जी असलेल्या रुग्णाला झटका येई. धागा निर्दोष, वायूही आपले काम चोख करणारा. दोघांची गाठ तिसऱ्याच पदार्थात पडली. यानंतर डायलायझरसाठी गॅमा किरण, इलेक्ट्रॉन किरण आणि वाफ यांचा वापर वाढत गेला.

याहून भीषण धडा २००१ मध्ये मिळाला. स्पेन आणि क्रोएशियासह काही देशांत एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या डायलायझरवर उपचार घेतलेले ५० हून अधिक रुग्ण दगावले. गळती तपासताना व दुरुस्त करताना कारखान्यात वापरलेला फ्लोरिनयुक्त द्रव काही डायलायझरमध्ये शिल्लक राहिला होता. शरीराच्या उष्णतेने रक्तात त्याचे वायूत रूपांतर झाले. पदार्थ, रचना, वेष्टन सारे मान्यताप्राप्त होते. घात केला तो उपकरणाचा भागच नसलेल्या एका साहाय्यक द्रवाने.

आपल्याकडे या विषयाला आणखी एक पैलू आहे तो पुनर्वापराचा. खर्च परवडावा म्हणून एकच डायलायझर त्याच रुग्णासाठी धुऊन अनेक वेळा वापरण्याची पद्धत भारतात सर्रास आहे. पेरॲसिटिक आम्लाच्या मिश्रणाने किंवा फॉर्मॅलिनने तो स्वच्छ करतात. धाग्यांच्या पोकळीचे एकूण आकारमान मूळच्या ८० टक्क्यांखाली गेले की तो टाकून द्यावा, हा सर्वमान्य दंडक. पद्धतशीर केलेला पुनर्वापर म्हणजे गुन्हा नव्हे. मात्र त्या क्षणी कारखान्याची हमी संपते आणि निर्जंतुकतेची जबाबदारी पुन्हा रुग्णालयाच्या धुण्याच्या टेबलावर येते, याची जाणीव रुग्णाच्या कुटुंबाला क्वचितच करून दिली जाते. डायलायझरवर रुग्णाचे नाव, वापराचा क्रमांक आणि मोजलेले आकारमान लिहिलेले आहे का, एवढे नातेवाइकांना सहज पाहता येते.

रक्ताच्या पिशवीचीही अशीच एक गमतीदार कथा आहे. काचेच्या बाटलीच्या जागी पीव्हीसीची पिशवी आली तेव्हा फुटण्याची आणि हवा शिरण्याची भीती गेली. पीव्हीसी मऊ करण्यासाठी डीईएचपी नावाचे द्रव्य घालतात. ते रक्तात झिरपते, म्हणून ते नको अशी मागणी झाली, विशेषतः नवजात बालकांसाठी. पण हेच झिरपणारे द्रव्य तांबड्या पेशींच्या आवरणाला बळकटी देते आणि रक्त अधिक दिवस टिकवते, असेही आढळले. पर्यायी द्रव्ये शोधताना संशोधकांना हे दोन्ही साधावे लागत आहे.

मुलामा : मायक्रॉनचा थर, वर्षांचा परिणाम

मिरज हे अस्थिशल्यचिकित्सेचेही जुने केंद्र. येथील डॉ. जी. एस. कुलकर्णी यांनी संपादित केलेला 'टेक्स्टबुक ऑफ ऑर्थोपेडिक्स अँड ट्रॉमा' हा ग्रंथ देशभरातील विद्यार्थी वापरत आले. हाडांच्या क्षेत्रात पदार्थांची निवड दीर्घकाळ पोलादापासून टायटॅनियमपर्यंत सरकत गेली. टायटॅनियमच्या पृष्ठभागाशी हाड थेट जुळते, हे स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रॉनमार्क यांनी १९५०च्या दशकात सशांवरील प्रयोगांत पाहिले आणि १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे रोपण बसवले. त्यानंतर धातूवर हायड्रॉक्सीॲपेटाइटचा लेप देण्याची कल्पना आली. हे हाडातीलच खनिज. हाडाला बाहेरून आधार देणाऱ्या चौकटीच्या खिळ्यांवर असा लेप असला तर ते सैल पडण्याचे प्रमाण घटते.

मात्र या क्षेत्रातील सर्वांत बोलके उदाहरण धातूचे नसून प्लॅस्टिकचे आहे, आणि त्यात दोषी ठरले ते वेष्टन. कृत्रिम गुडघ्यात व खुब्यात धातूच्या भागाखाली अत्यंत घट्ट जातीच्या पॉलिइथिलिनची गादी असते. अनेक वर्षे ही गादी हवा आत-बाहेर जाऊ देणाऱ्या पाकिटात ठेवून गॅमा किरणांनी निर्जंतुक केली जात होती. किरणांनी जंतू मरत, पण प्लॅस्टिकच्या रेणूसाखळ्याही तुटत. तुटलेल्या टोकांना पाकिटातील प्राणवायू चिकटे. गादी गोदामात पडून असतानाच आतून ठिसूळ होऊ लागे. म्हणजे एकाच कारखान्याच्या, एकाच दिवशी बनलेल्या दोन गाद्यांपैकी लगेच वापरलेली टिके आणि चार-पाच वर्षे कपाटात राहिलेली लवकर झिजे. झिजलेल्या कणांमुळे सांध्याभोवतीचे हाड विरघळे आणि रुग्णाला दुसऱ्या शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागे. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून कंपन्यांनी नायट्रोजन किंवा आरगॉन भरलेली अथवा निर्वात, प्राणवायूला अटकाव करणारी पाकिटे स्वीकारली. पुढे रेणू परस्परांत अधिक जोडलेले पॉलिइथिलिन आणि त्यात जीवनसत्त्व 'ई' मिसळण्याची पद्धतही आली.

हृदयातील स्टेंटचा प्रवास याच धर्तीचा. १९८६ मध्ये मानवी धमनीत पहिली जाळी बसवली गेली, ती उघड्या पोलादाची. धमनी पुन्हा आक्रसण्याचे प्रमाण मोठे होते. २००२-०३ मध्ये सिरोलिमस या औषधाचा लेप असलेले स्टेंट उपलब्ध झाले आणि हे प्रमाण एकदम खाली आले. पण औषध धरून ठेवणारा बहुवारिकाचा थर औषध संपल्यावरही तेथेच राही आणि उशिराने रक्ताची गुठळी होण्याचा धोका २००६ च्या सुमारास चर्चेत आला. त्यावर विरघळून जाणारे थर आणि कोबाल्ट-क्रोमियमच्या अधिक पातळ जाळ्या हा उपाय निघाला. जाळीच संपूर्ण विरघळावी, असाही प्रयत्न झाला. परंतु त्यातील सर्वांत गाजलेल्या 'ॲबसॉर्ब' स्टेंटची विक्री अपेक्षित निष्पत्ती न मिळाल्याने २०१७ मध्ये बंद झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्राच्या औषध मूल्य प्राधिकरणाने साध्या स्टेंटची कमाल किंमत ७,२६० रुपये आणि औषधलेपित स्टेंटची २९,६०० रुपये ठरवली होती. 'नवा म्हणजे चांगला' या समजुतीने लाखभर रुपयांचे कर्ज काढणाऱ्या कुटुंबांनी ही दोन्ही तथ्ये एकत्र वाचावीत.

महाबळेश्वरचा पाऊस, जतचे ऊन

वेष्टनाकडून परस्परविरोधी अपेक्षा असतात. निर्जंतुक करणारा वायू वा वाफ आत जाऊन परत बाहेर यावी, पण जिवाणू आत जाऊ नये. प्रवासात फाटू नये, पण परिचारिकेच्या हातात सहज उलगडावे. उलगडताना धागे वा कण आत पडू नयेत. पूर्वी जाड कागद आणि कापड यांवर भागवले जाई. १९७० च्या दशकात 'टायव्हेक' हा पदार्थ वैद्यकीय वेष्टनात आला. तो पॉलिइथिलिनच्या अतिसूक्ष्म तंतूंना उष्णता व दाबाने एकत्र करून बनवतात. तंतूंच्या भुलभुलैयातून वायू वाट काढतो, जिवाणू मात्र अडकतो. कागदासारखा दिसणारा, पण हाताने सहज न फाटणारा हा पांढरा पदार्थ आज महागड्या रोपणांच्या झाकणांवर सर्वत्र आढळतो. साध्या सिरिंज व पट्ट्यांसाठी अजूनही कागद आणि पारदर्शक पापुद्रा हीच जोडी परवडते.

किरणांनी निर्जंतुक करण्यात सोय अशी, की माल अंतिम खोक्यात बंद केल्यावरही किरण आरपार जातात. मुंबईत तुर्भे येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचा 'आयसोमेड' प्रकल्प १९७४ मध्ये सुरू झाला, तो याच कामासाठी. कोबाल्ट-६० या किरणोत्सारी स्रोताची २५ किलोग्रे ही मात्रा रूढ आहे. पण प्रत्येक प्लॅस्टिकला ती मानवत नाही. साधे पॉलिप्रॉपिलीन ठिसूळ होते, पीव्हीसी पिवळे पडते. म्हणून किरणसह जाती वेगळ्या तयार कराव्या लागल्या.

आता सातारा-सांगलीचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण, आटपाडी, जत या तालुक्यांत तो पाचशेच्या आसपास रेंगाळतो. एकाच गोदामातून निघालेले पाकीट एकीकडे कुबट दमट कपाटात, तर दुसरीकडे उन्हात तापलेल्या पत्र्याच्या छताखाली पोहोचते. ओलसर कागद जिवाणूंना रोखू शकत नाही आणि उष्णतेने चिकटपट्टी सुटू शकते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या पुढे गेले, जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. पुरात भिजलेले पाकीट वाळवल्यावर पूर्ववत दिसले तरी ते निर्जंतुक मानता येत नाही. ते टाकूनच द्यावे लागते.

निर्जंतुकता केवळ तारखेवर ठरत नाही, ती पाकिटावर काय प्रसंग ओढवले यावर ठरते, हे तत्त्व आता सर्वत्र मान्य आहे. पाकिटांच्या गठ्ठ्याला रबर बांधणे, कागदाच्या बाजूवर बॉलपेनने लिहिणे, ड्रॉवरमध्ये कोंबणे, टाचणी मारणे या किरकोळ वाटणाऱ्या सवयींनी मुदत शिल्लक असतानाही पाकीट निकामी होते. पाकिटावरील रंग बदलणाऱ्या पट्टीविषयीही गैरसमज आहे. ती पट्टी माल निर्जंतुकीकरणाच्या प्रक्रियेतून गेला एवढेच सांगते. नंतर पाकिटाला छिद्र पडले असेल तर तिचा रंग परत फिरत नाही.

लेबलावरील खुणा

वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून अमलात आले आणि १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याखाली आणली गेली. धोक्याच्या प्रमाणात त्यांचे 'ए' ते 'डी' असे चार वर्ग पाडलेले आहेत. स्टेंट व हृदयाची झडप 'डी'मध्ये मोडतात. वेष्टनाच्या चाचण्यांसाठी 'आयएसओ ११६०७' हे आंतरराष्ट्रीय मानक आहे.

लेबलावर तुकडी क्रमांक, मुदत आणि कमाल किंमत यांबरोबर काही चिन्हे असतात. वाळूच्या घड्याळाचे चित्र म्हणजे वापराची अंतिम तारीख. वर्तुळात काट मारलेला '२' हा आकडा म्हणजे पुन्हा वापरू नये. फाटलेल्या खोक्यावर काट म्हणजे वेष्टन खराब असल्यास वापरू नये. 'स्टराइल' या शब्दाशेजारी 'ईओ' असेल तर इथिलिन ऑक्साइड, 'आर' असेल तर किरण. उपकरणामुळे अपाय झाल्यास तो नोंदवण्यासाठी 'मटेरिओव्हिजिलन्स' हा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ पासून आहे.

रोपणाच्या खोक्यात अनुक्रमांक छापलेले छोटे चिकटणारे कागद असतात. त्यांपैकी एक रुग्णाच्या केसपेपरवर लावायचा असतो, दुसरा रुग्णाला द्यायचा. 'एएसआर' या धातूवर धातू घासणाऱ्या खुब्याच्या सांध्याचे प्रकरण येथे आठवते. त्यातून कोबाल्ट व क्रोमियम रक्तात उतरत असल्याने ऑगस्ट २०१० मध्ये तो जगभरातून परत मागवण्यात आला. भारतात तो सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत वापरला गेला होता. पुढे केंद्र सरकारच्या समितीने भरपाईची शिफारस केली, तेव्हा त्यातील साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांचा ठावठिकाणाच लागत नव्हता.